चोवीस नंबरचं दार

"नेट स्लो आहे" हे वाक्य मी गेल्या बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की कुणी झोपेत म्हटलं तरी माझा हात पिशवीतल्या स्क्रू ड्रायव्हरकडं जाईल. माउस चालत नसला तरी नेट स्लो, प्रिंटरात कागद अडकला तरी नेट स्लो, साहेबांचं घरी भांडण झालेलं असलं तरी नेट स्लोच. सोलापूरच्या नव्या पेठेत माझं एका शटरचं दुकान आहे. ऑफिसांमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे आणि जोडणी बिघडली की जाऊन बघायची, हा माझा धंदा. नाव गुरुलिंग. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, त्यामुळं हे सांगताना मलाच अवघड वाटतंय. पण जे घडलं ते माझ्या एका ओळीमुळं घडलं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

रेल्वे लाइन्सच्या बाजूला रक्त-लघवी तपासायची एक जुनी लॅब आहे. तिचं नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. वर्षभरापासून तिथलं काम माझ्याकडं होतं. लॅबचे डॉक्टर दिग्विजय, वय पस्तिशीच्या आतलं, बोलायला गोड आणि सगळं कालच हवं असणारे. त्यांनी मंगळवेढ्याला शाखा काढली आणि दोन्ही ठिकाणं एकमेकांना जोडून द्या म्हणाले.

इथं थोडं कामाचं सांगतो, मग पुढचं सोपं जाईल. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, आपल्या घराला असतो तसा. एकाला दुसऱ्याकडं काही पाठवायचं तर त्याचा नंबर ठाऊक पाहिजे. आता सोलापुरात आणि मंगळवेढ्यात, दोन्हीकडं एकाच मालिकेतले नंबर देऊन ठेवलेले. दोन गल्ल्यांना एकच नाव आणि घरांना तेच नंबर, मग पोस्टमननं काय करायचं? म्हणून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी सोलापूरच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनचे जुने नंबर काढले आणि नव्या मालिकेतले दिले. बावीस मशीन होती. संध्याकाळी सगळं चालू करून दाखवलं, डॉक्टरांनी शाबासकी दिली, मी घरी आलो.

सोमवारी दुपारी डॉक्टरांचा फोन. काका, नेट स्लो आहे.

पहिल्या आठवड्यात मी तीनदा गेलो. केबल बदलली. मधला स्विच, म्हणजे जिथं सगळ्या केबली येऊन मिळतात ती पेटी, तीही बदलली. सकाळी सगळं वाऱ्यासारखं पळायचं. दुपारी दीडच्या सुमाराला मात्र कुणीतरी गळा धरल्यासारखं व्हायचं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग तासभर, आणि तिसऱ्या आठवड्यात दीडपासून लॅब बंद होईपर्यंत. रिपोर्ट तयार असायचे आणि बाहेर काउंटरवर पोचायचेच नाहीत. एक दिवस मी तिथं असतानाच मंद्रूपचा एक माणूस काउंटरपुढं हात जोडून उभा होता. बायकोला ऑपरेशनसाठी आत घ्यायचं होतं, रक्ताचा रिपोर्ट हवा होता, आणि पडद्यावर गोल चक्री फिरत होती. काउंटरवरच्या बाई उठल्या, आत जाऊन रिपोर्ट हातानं लिहून घेऊन आल्या, त्याच्या मुठीत दिला आणि म्हणाल्या, पळा. मला शरम वाटली. माझ्या कामामुळं कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला बघायची मला सवय नव्हती.

त्या बाई म्हणजे सुंदरम्मा. पन्नाशीच्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आवाज असा की शेजारच्याला ऐकू येऊ नये. आमच्यातल्याच, घरात कानडी बोलणाऱ्या लिंगायत, त्यामुळं मी त्यांना अक्का म्हणायचो आणि त्या मला अण्णा. त्याच दिवशी मी निघताना त्या जिन्यापर्यंत मागं आल्या.

"अण्णा, माझा जुना नंबर परत देता येईल का ओ? चोवीस होता की माझा."

मला हसू आलं. गाडीला आवडता नंबर मागतात तसं हे, असं काहीतरी मी बोललो. नव्या नंबरला काय काटे आहेत का, असंही म्हणालो. त्यांनी पदर सारखा केला आणि परत फिरल्या. ते हसणं आता मला फार लागतं.

शेवटी डॉक्टर वैतागले. रविवारी लॅब बारालाच बंद होते, तेव्हा या आणि एकदाचं काय ते शोधा, म्हणाले. मे महिन्याचा मधला रविवार होता. बारा वाजता मी पोचलो. लॅबचे शिपाई महिपती यांनी कुलूप काढून दिलं, आणि मी जेवून येतो, कुटं जाऊ नका, असं सांगून ते सायकलवरून गेले.

रात्रीची भीती सगळे सांगतात, सोलापुरातली मे महिन्यातली दुपार कुणी सांगत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर मऊ झालेलं. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली. आत लॅबमध्ये फिनेलचा आणि स्पिरिटचा वास, आणि त्याखाली एक गोडसर वास, जो तिथं रोज काम करणाऱ्यांना येत नाही. मागच्या खोलीत रक्ताच्या नळ्यांचा फ्रिज घुरघुरत होता. मध्येच तो थांबायचा, आणि थांबला की कळायचं की इतका वेळ आपण त्याच्या सोबतीनं बसलो होतो.

मी काउंटरवर, सुंदरम्मांच्या खुर्चीत बसलो. माझा लॅपटॉप स्विचला जोडला आणि त्यावर एक प्रोग्रॅम चालू केला. केबलींमधून मशीन एकमेकांशी जे बोलतात ते त्याला ऐकू येतं आणि तो ते ओळीनं लिहून दाखवतो. एक वाजला, सव्वा वाजला. अधूनमधून एखादी ओळ उमटायची, नेहमीची. मी डबा काढून बाजूला ठेवला.

दीड वाजला आणि ओळ आली.

चोवीस कोण आहे? एकोणीसला सांगा.

हे मी तुमच्यासाठी सोपं करून सांगतोय असं समजू नका, मशीन खरोखर असंच विचारतात. ज्याला शोधायचं त्याचा नंबर घेऊन सगळ्यांना विचारायचं, हा नंबर कुणाचा, त्यानं मला सांगावं. त्यात नवल काही नाही. नवल हे की एकोणीस आणि चोवीस हे दोन्ही नंबर जुन्या मालिकेतले होते, मी तीन आठवड्यांपूर्वी पुसून टाकलेले.

दुसरी ओळ आली. तीच. मग तिसरी. मग पडदा भरून ओळी धावायला लागल्या, वाचता येईनात इतक्या. चोवीस कोण आहे... चोवीस कोण आहे... एखाद्या अपार्टमेंटमध्ये एक माणूस शिरला आणि प्रत्येक दारावर थापा मारत एकच घर विचारत सुटला, तर आतल्या लोकांना कसलं काम सुधरणार? तेच चाललं होतं. बाकीच्या मशीनना बोलायला जागाच उरत नव्हती.

मला, खरं सांगतो, आनंद झाला. चोर सापडला होता. वाटलं, कुठलं तरी एक मशीन माझ्याकडून राहून गेलंय, जुनाच नंबर धरून बसलंय. स्विचकडं बघितलं तर नवव्या भोकाचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. म्हटलं, हा हवा आहे ना तुला चोवीस, घे. एका मशीनला दोन नंबर देता येतात. मी काउंटरच्या मशीनला नव्याच्या जोडीला जुना चोवीसही देऊन टाकला, फक्त हा एकोणीस काय म्हणतो ते बघायला.

त्याच क्षणी सगळं थांबलं. पडदा रिकामा झाला. फ्रिजही नेमका तेव्हाच थांबला.

मग काउंटरच्या मशीनवर, उजव्या कोपऱ्यात, एक छोटी खिडकी उघडली. ऑफिसातल्या ऑफिसात निरोप धाडायचा एक जुना प्रोग्रॅम असतो, त्याची. इंग्रजी अक्षरांत कानडी लिहिलेलं होतं.

ऊटा आतेनु?

जेवण झालं का. आमच्या घरांमधून नमस्काराच्या जागी हेच विचारतात. माणूस वाटेत भेटला तरी हेच, फोन केला तरी आधी हेच. परक्याला विचारताना शेवटी आदराचा 'री' लावतात. इथं तो नव्हता. म्हणजे विचारणारा वयानं मोठा तरी असणार, नाहीतर घरचा. मला वाटलं, आत कुणीतरी सीनियर माणूस काम करत बसलाय, मी आलेला त्यानं पाहिला असेल आणि चौकशी करतोय. कोण आहे ते विचारावं हे मला सुचलंच नाही. जेवण झालं का असं कुणी विचारलं की आमच्याकडं तोंडातून जे निघतं तेच बोटांतून निघालं.

आत्री. ऊटक्क बर्री.

झालं हो, या जेवायला. माझं जेवण झालेलं नव्हतं, डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. पण असं म्हणायचं असतं. आणि समोरच्यानं, नको नको, तुमचं चालू द्या, असं म्हणायचं असतं. खरोखर उठून कुणी येत नाही. सगळा जन्म मी हे बोलत आलोय, दिवसातून दहा वेळा, कुणालाही.

खिडकीत उत्तर उमटलं.

बर्तीनि.

येतो, म्हणे. मी डबा उघडला. कडक भाकरी मोडून अर्धी झाकणात काढून ठेवली, थोडी शेंगाचटणी घातली, आणि आतल्या दाराकडं बघत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी आलं नाही. स्विचकडं नजर गेली तर नवव्या भोकाचा दिवा विझलेला होता. मी बावीसच्या बावीस मशीन एकेक करून तपासली. सगळी सुसाट. तरी मला जेवण गेलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.

महिपती आल्यावर मी त्यांना विचारलं, आत कोण बसलंय. ते म्हणाले, कोण बसणार, चावी तर माझ्याकडं हाय. मग मी जुनी वही मागितली. माझ्या आधीच्या माणसानं कुठला नंबर कुणाचा ते त्यात लिहून ठेवलं होतं. चोवीस, काउंटर, सुंदरम्मा. एकोणीस, रिपोर्ट रूम, मडिवाळप्पा.

"मडिवाळप्पा कोण?"

महिपतींनी टोपी काढून हातात घेतली. "सुंदरम्मांचे मालक की. रिपोर्ट टाइप करायचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले... त्यांचं मशीन अडगळीत पडलंय."

अडगळीच्या खोलीत ते होतं. वरचा पत्रा काढलेला, आतली डिस्क काढून घेतलेली, आणि कोळ्यानं घर केलेलं. मी स्विचकडं परत आलो आणि नवव्या भोकातली केबल हातानं चाचपडत तिच्या मागं मागं गेलो. भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, रिपोर्ट रूममध्ये, कोपऱ्यातल्या टेबलाखाली. तिथं ती संपली. तिचं टोक फरशीवर मोकळं पडलं होतं, पुढची क्लिप तुटलेली. तिला काहीही जोडलेलं नव्हतं.

मी मनाची समजूत घातली. धंद्यात अशा गोष्टी होतात, कुणीतरी बाहेरून घुसला असेल, व्हायरस असेल. नंबर मात्र तसाच राहू दिला, कारण जे चालायला लागलंय त्याला हात लावायचा नाही अशी आम्हा लोकांची सवय असते. काउंटरवरची ती खिडकीसुद्धा मी बंद केली नाही. घाईघाईनं बाहेर पडलो, इतकंच आठवतं.

सोमवारी तीनच्या सुमाराला सुंदरम्मा दुकानात आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या. मी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"अण्णा, काल माझ्या मशीनवर तुमी बसला होता न्हवं?"

मी हो म्हटलं.

"तुमी काय लिवलं ते मी वाचलं. तितं टायमिंग बी हाय. एक वाजून एकेचाळीस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हळू, मध्येच थांबत, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतायत असं. नवरा-बायको दोघं त्याच लॅबमध्ये, एकोणीस वर्षं. ते आत काचेपलीकडं, त्या बाहेर काउंटरवर. दीड वाजला तरी काउंटरची गर्दी हटायची नाही, म्हणून ते आतून विचारायचे, ऊटा आतेनु. त्या लिहायच्या, आत्री. कधी झालेलं असायचं, कधी नसायचं. दुसऱ्या लाटेत ते लॅबमधूनच आजार घेऊन आले. शुक्रवार पेठेतलं घर दोन खोल्यांचं, आत ऐंशीच्या सासूबाई. बाहेरची खोली नवऱ्याला दिली आणि मधल्या दाराला आतून कडी घातली. उंबऱ्यातून ताट सरकवायचं आणि दार लावून घ्यायचं. चौथ्या दिवशी दुपारी मडिवाळप्पांनी पलीकडून कडी वाजवली. श्वास पुरत नव्हता, तरी विचारलं काय, तर ऊटा आतेनु. सुंदरम्मांनी आतून आत्री म्हणून सांगितलं. तेव्हा दोन दिवस सुंदरम्मांच्या पोटात अन्न नव्हतं. एकदा दार उघडून तोंड बघावं असं फार वाटलं, पण सासूबाईंसाठी उघडलं नाही. संध्याकाळी गाडी आली आणि घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला. माती तिकडच्या तिकडं, परस्पर. आमच्यात माणसाला बसवून, विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन निरोप देतात. त्यांना कसं ठेवलं, बसवलं की आडवं, हे सुंदरम्मांना आजतागायत माहीत नाही.

महिन्यानं त्या कामावर परत आल्या. पहिल्याच दिवशी, दीड वाजता, कोपऱ्यात खिडकी उघडली.

"भ्या न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"न्हाई. लई बरं वाटलं. मी लिवलं, आत्री. तवापासनं रोज, अण्णा. तीन वर्सं. तेवढंच विचारायचे, दुसरं काय न्हाय. मी बी तेवढंच लिवायची. या म्हणून कधी लिवलं न्हाय. लई वाटायचं. बोटं तितपर्यंत जायची. पण गेलेल्या माणसाला या म्हणू नये, एवढं मला कळतंय की..."

मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. 'बर्री.' आदराचा री लावून. मी परक्या माणसाला लावतो तसा. आणि बायको नवऱ्याला लावते तसाच, अगदी तसाच. तिकडं वाचणाऱ्याला फरक कळायचं काही कारण नव्हतं. चोवीस नंबरवरून आलेलं होतं ते.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

"काल मी एकटीच होते घरात," त्या म्हणाल्या. सासूबाई मुलगा गेला त्याच वर्षी दिवाळीला वारल्या होत्या. "ताट वाढून घेतलं होतं. पावणेदोन झाले असतील. आणि कडी वाजली... बाहेरच्या दाराची न्हवं. मधल्या दाराची."

"अक्का..."

"मी आतनं विचारलं, यार्री, कोन हाय? कोनी आवाज दिला न्हाय. पुन्यांदा वाजली. तीनदा वाजली, हळू. अण्णा, मला ती वाजवायची रीत वळखू आली. आणि वळखू आली म्हणूनच उघडलं न्हाय. तीन वर्सं मशीनवर बोलत होते तवा भ्या वाटलं न्हाय, आणि दारात आले तर भ्याले मी... मी ताटापुढंच बसून राहिले. मग बंद झालं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघून नाही, शटरकडं बघून बोलल्या.

"त्यास्नी काय वाटलं असंल? हिनंच बोलावलं, आणि हिनंच दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा."

मला रडू आलं. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं, आणि मी तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. त्या सोमवारी सुंदरम्मांच्या मशीनवर दीड वाजता खिडकी उघडली नव्हती. त्या दोन वाजेपर्यंत वाट बघून माझ्याकडं आल्या होत्या.

आम्ही दोघं तसेच लॅबमध्ये गेलो. चोवीस नंबर जागेवर आहे ना ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. मग सुंदरम्मा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकेक अक्षर शोधत स्वतःच्या हातानं लिहिलं. बर्री. दार उघडं हाय. कानडीत आधी, मग मराठीतही लिहिलं, का कुणास ठाऊक. पाठवायचं बटण दाबलं. मशीननं थोडा वेळ घेतला आणि कळवलं की एकोणीस नंबरवर कुणी नाही.

रिपोर्ट वेळेवर जायला लागले. मंगळवेढ्याचे पेशंट खूश, डॉक्टर खूश. काका, तुम्ही जादूगार आहात, म्हणाले. मी पुढचे काही महिने तिथं जाताना जिना चढायचो आणि काउंटरकडं बघायचं टाळायचो. दीड वाजता सुंदरम्मा डबा उघडून पडद्यासमोर बसलेल्या असायच्या. घरी मधल्या दाराची कडी त्यांनी सुताराला बोलावून काढूनच टाकली, असं महिपतींनी सांगितलं. मी दिसलो की त्या एवढंच विचारायच्या, कायतरी दिसलं का ओ तुमच्या मशीनवर? मी लॅपटॉप जोडून, अर्धा तास बसून, नाही म्हणून सांगायचो. तेव्हा ते खरं होतं.

मार्गशीर्षात मंद्रूपहून फोन आला. तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात मी दिवाळीच्या सुट्टीत नवी जोडणी करून दिली होती. सहा मशीन, सगळी कोरी, नंबर वेगळ्याच मालिकेतले, त्या लॅबशी कसलाही संबंध नाही. दुपारी नेट स्लो होतंय, म्हणाले. मी एसटीनं गेलो. दुपारच्या सुट्टीत मुलं डबे खायला पटांगणात गेली होती, क्लार्क मॅडमही उठून गेल्या. मी लॅपटॉप जोडला आणि पडद्याकडं बघत बसलो. बाहेर मुलांचा कालवा होता, ऊन सौम्य होतं, आणि घाबरावं असं त्या खोलीत काहीच नव्हतं.

दीड वाजता ओळ आली.

एक कोण आहे? एकोणीसला सांगा.

मग, दोन कोण आहे? एकोणीसला सांगा. मग तीन. लॅबमध्ये धावत होत्या तशा ओळी धावत नव्हत्या. एक विचारायचा, थोडं थांबायचा, उत्तर नाही मिळालं की पुढच्या दाराशी. उपाशी माणूस अनोळखी गल्लीत जसा एकेका उंबऱ्याशी थांबत जाईल तसा. त्या शाळेत जुन्या मालिकेतलं एकही घर नव्हतं, कोण उत्तर देणार त्याला? नऊ... दहा... अकरा. मी मोबाईल काढून सुंदरम्मांचा नंबर शोधून ठेवला. म्हटलं, चोवीसशी येऊ दे, आला की त्यांना लगेच सांगायचं, अक्का, अजून तुम्हालाच शोधतायत.

एकवीस कोण आहे? बावीस कोण आहे? तेवीस कोण आहे?

पंचवीस कोण आहे?

मला वाटलं, नजर चुकली. एका मालिकेत नंबर दोनशे चोपन्नच असतात, तिथपर्यंत जाऊन तो पुन्हा एकपासून सुरू झाला. मी बोट पडद्यावर ठेवून मोजत बसलो. दुसऱ्या फेरीलाही तसंच. तिसऱ्या फेरीलाही तसंच, तेवीस, आणि मग पंचवीस. प्रत्येक दाराशी तो सारखाच थांबत होता, त्या एका दाराशी मात्र थांबतच नव्हता.

मोबाईल हातातच वाजला. सुंदरम्मा होत्या. दीड वाजून गेला की अधूनमधून करायच्या त्या फोन.

"अण्णा, कायतरी दिसलं का ओ?"

"न्हाई अक्का," मी म्हणालो, "काहीच न्हाई." पडद्यावर चौथी फेरी बाविसावर आली होती.